ॲट्रॉसिटीचा गुन्हा: फिर्यादीपासून शिक्षेच्या सुनावणीपर्यंत जात कागदावर कशी टिकवायची

खैरलांजीच्या निकालात फाशी होती, जात नव्हती. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातल्या या गावात जमावाने दलित भोतमांगे कुटुंबातली आई, मुलगी आणि दोन मुलगे यांना ठार केलं. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी धरलं. सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप झाली. ॲट्रॉसिटी कायदा, म्हणजे अनुसूचित जाती-जमातींवरचे अत्याचार रोखणारा १९८९ चा कायदा, मात्र लागू होत नाही, असं त्याच निकालात लिहिलं गेलं. १४ जुलै २०१० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून २५ वर्षांची सक्तमजुरी दिली. हत्या सूडातून झाली, जातीतून नाही, हे मत तिथेही कायम राहिलं.

शिक्षा कशासाठी द्यायची, या प्रश्नाला कायद्याच्या अभ्यासात चार जुनी उत्तरं आहेत: केल्याची परतफेड, इतरांना धाक, गुन्हेगाराला समाजापासून दूर ठेवणं आणि त्याची सुधारणा. द्वेषातून झालेल्या गुन्ह्यात पाचवं उत्तर या चारांइतकंच वजनदार असतं, ते म्हणजे जाहीर निवाडा. असा मार एका माणसाला बसतो, पण तो सगळ्या वस्तीला उद्देशून असतो. ‘पायरीने राहा’ हा त्यातला निरोप असतो. त्या निरोपाला उत्तर द्यायचं तर न्यायालयाने जात हा शब्द उच्चारून सांगावं लागतं की हे चूक आहे. निकालात ‘शेताच्या रस्त्याचं जुनं भांडण’ एवढंच लिहिलं गेलं, तर माणसं तुरुंगात जातात आणि निरोप गावात तसाच फिरत राहतो.

न्यायाधीशाला जात लिहिता यावी यासाठी ती त्याच्यासमोर पुराव्यात यावी लागते, आणि तो पुरावा पहिल्या दोन-तीन दिवसांतच तयार होतो किंवा कायमचा हातून जातो. पीडित कुटुंब, त्यांच्यासोबत ठाण्यात जाणारे कार्यकर्ते आणि नव्याने असे खटले घेणारे वकील यांच्यासाठी पुढचा मजकूर आहे. १ जुलै २०२४ पासून घडलेल्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू असल्याने कलमांचे आकडे नवे दिले आहेत.

फिर्याद

सगळ्यात जास्त खटले इथे बिघडतात, म्हणून इथे घाई करू नका.

ठाणे अंमलदाराने ‘जातिवाचक शिवीगाळ केली’ एवढं लिहिलं की बहुतेक फिर्यादी मान डोलावतात. ते चालत नाही. आरोपीने जो शब्द वापरला तो जसाच्या तसा, अवतरणात, पूर्ण वाक्यासह लिहून घ्या. तो शब्द उच्चारायला जड जातो, आईबहिणींसमोर सांगताना जीभ अडखळते, हे खरं आहे. पण नेमका शब्द फिर्यादीत नसला आणि साक्षीच्या वेळी आला, तर बचाव पक्षाचा वकील ‘ही नंतर घातलेली सुधारणा’ म्हणून तो कापून काढतो. कोण बोललं, कोणाला उद्देशून बोललं आणि तेव्हा हातात काय होतं, हेही त्याच वाक्यात यावं.

दुसरी गोष्ट जागेची. ॲट्रॉसिटी कायद्याचं कलम ३(१)(आर) म्हणजे अपमान करण्याच्या हेतूने केलेली अवहेलना किंवा धमकी आणि ३(१)(एस) म्हणजे जातीच्या नावाने शिवीगाळ. दोन्ही कलमांत कृत्य ‘लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी’ झालेलं असावं लागतं. याचा अर्थ जागा सार्वजनिक असलीच पाहिजे असा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्वर्ण सिंग खटल्यात सांगितलं की जागा खासगी असली तरी ती रस्त्यावरून दिसत असेल, किंवा घरात नातेवाईक-मित्रांखेरीज इतर माणसं हजर असतील, तर कलम लागतं. २०२० मध्ये हितेश वर्मा खटल्यात चार भिंतींच्या आत, बाहेरचं कोणी नसताना झालेल्या शिवीगाळीला हे कलम लागलं नाही. म्हणून फिर्यादीत ‘आमच्या घरी येऊन’ असं मोघम लिहू नका. ‘अंगणात, रस्त्यापासून दहा पावलांवर, तेव्हा पिठाच्या गिरणीसमोर अमुक आणि तमुक उभे होते’ असं लिहा. ऐकणाऱ्यांपैकी निदान एक जण नात्याबाहेरचा असेल तर त्याचं नाव आधी द्या.

तिसरी गोष्ट म्हणजे आरोपीला तुमची जात माहीत होती हे. गंभीर गुन्ह्यांसाठी याच मुद्द्यावर खटला उभा राहतो किंवा पडतो. दहा वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेचा गुन्हा, उदाहरणार्थ खून, खुनाचा प्रयत्न, बलात्कार, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीवर केला, तर कलम ३(२)(व्ही) प्रमाणे जन्मठेपच होते. २६ जानेवारी २०१६ पूर्वी या कलमात ‘ती व्यक्ती त्या जातीची आहे या कारणावरून’ असे शब्द होते. खैरलांजीत याच शब्दांवर गाडी अडली. २०१५ च्या दुरुस्तीने तिथे ‘ती व्यक्ती त्या जातीची आहे हे माहीत असताना’ असे शब्द आले. शिवाय कलम ८(सी) प्रमाणे आरोपीची पीडिताशी किंवा त्याच्या कुटुंबाशी वैयक्तिक ओळख होती असं दिसलं, की त्याला जात माहीत होती असं न्यायालय गृहीत धरतं आणि उलट सिद्ध करणं आरोपीवर येतं. एवढी मोठी सवलत कायद्याने दिली आहे, तरी ओळखीची दोन वाक्यं फिर्यादीत नसल्यामुळे ती वाया जाते. आरोपीचं घर कुठे आहे, किती वर्षांपासून ओळख आहे, तुम्ही त्याच्या शेतात कामाला जात होता का, शाळेत एका वर्गात होता का, तुमच्या वस्तीला गावात काय नावाने ओळखतात, हे सगळं लिहा.

‘माहीत असताना’ एवढ्यावर मात्र थांबू नका. हेतू दिसेल असं जे काही असेल ते पहिल्याच जबाबात यावं: आधीच्या धमक्या, पाण्यावरून किंवा वरातीवरून झालेले वाद, ‘तुमची लोकं माजलीत’ यासारखी वाक्यं, तारखांसह. जमिनीचा किंवा पैशाचा वाद असेल तर तो लपवू नका. लपवलेला वाद उलटतपासणीत बाहेर आला की तोच खटल्याचं कारण होऊन बसतो. वाद होता, तो या पातळीवर जातीमुळे गेला, हे कशावरून म्हणता ते स्वतःच सांगा. पाटन जमाल वली या आंध्र प्रदेशच्या खटल्यात २७ एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जुन्या शब्दांचाही अर्थ लावताना म्हटलं की जात हे एकमेव कारण असण्याची गरज नाही, अनेक कारणांपैकी ते एक असू शकतं. त्याच खटल्यात पुरावा पुढे न आल्यामुळे ३(२)(व्ही) खालची शिक्षा मात्र टिकली नाही. तत्त्व मान्य होऊनही कागद कमी पडला, तो असा.

नावं देताना हात आखडता घ्या. रागाच्या भरात पन्नास जणांची यादी दिली जाते आणि तिथेच खटला सैल होतो, कारण साक्षीदार कोणी काय केलं हे वेगळं सांगू शकत नाही. जे पाहिलं तेच, ज्याच्या हातात जे होतं तेच लिहा. बाकीच्यांसाठी ‘आणि इतर, पाहिल्यास ओळखेन’ हे वाक्य पुरेसं आहे, नंतर ओळखपरेड होऊ शकते. निरपराध माणूस यादीत गेला तर तो अन्याय तर आहेच, पण खऱ्या आरोपीला सुटायला तोच दरवाजा मिळतो.

फिर्याद द्यायला उशीर झाला असेल तर उशिराचं कारण फिर्यादीतच लिहा: दवाखान्यात होतो, गावातून बाहेर पडता येत नव्हतं, ठाण्यातून परत पाठवलं.

सही करण्याआधी फिर्याद वाचून दाखवणं आणि सही झाल्यावर तिची प्रत लगेच मोफत देणं हे ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम ४(२) प्रमाणे पोलिसांचं कर्तव्य आहे. वाचून दाखवल्यावर एखादं वाक्य राहिलं असेल तर तिथेच घालायला लावा. ‘पुरवणी जबाबात घेऊ’ यावर विश्वास ठेवून उठू नका.

‘आधी चौकशी करू’, ‘जातीचा दाखला आणा’

ही दोन वाक्यं जवळपास प्रत्येक ठाण्यात ऐकू येतात. दोन्ही चुकीची आहेत. २० मार्च २०१८ च्या सुभाष काशिनाथ महाजन विरुद्ध महाराष्ट्र शासन या निकालाने प्राथमिक चौकशी आणि अटकेपूर्वी परवानगी अशा अटी आणल्या होत्या. संसदेने त्याच वर्षी कलम १८-ए घालून त्या काढून टाकल्या आणि १० फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम वैध ठरवलं. जातीचा दाखला तपासात लागतो, गुन्हा नोंदवायला लागत नाही. हद्दीचं कारण सांगितलं तर शून्य क्रमांकाने गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो.

अदखलपात्र म्हणून एन.सी. नोंदवून वाटेला लावणं हा आणखी एक प्रकार. एन.सी.ची प्रत जरूर घ्या, पुढे ती पुरावा होते, पण तिथे थांबू नका. नकार मिळाला की त्याच दिवशी पूर्ण फिर्याद लेखी स्वरूपात रजिस्टर पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा आणि पावती जपून ठेवा. प्रत जिल्ह्याच्या नागरी हक्क संरक्षण पथकाला आणि सहायक आयुक्त, समाज कल्याण यांना द्या. तरीही हालचाल नसेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली प्रतिज्ञापत्रासह न्यायालयात अर्ज करता येतो. मधल्या वेळेत १४५६६ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून ठेवा. कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या लोकसेवकाला (तो स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा नसेल तर) ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम ४ खाली सहा महिने ते एक वर्ष शिक्षा आहे. त्यासाठी आधी प्रशासकीय चौकशीची शिफारस लागते, म्हणून प्रत्येक नकाराची तारीख, वेळ आणि ड्युटीवरच्या माणसाचं नाव टिपून ठेवा.

पहिले तीन दिवस

जखमी माणसाला सरकारी दवाखान्यात न्या आणि एमएलसी, म्हणजे पोलीस प्रकरण अशी वैद्यकीय नोंद करून घ्या. डॉक्टर ‘कशाने लागलं’ विचारतात तेव्हा दिलेलं उत्तर केसपेपरवर उतरतं आणि ते फिर्यादीइतकंच वाचलं जातं. ‘पडलो’ असं भीतीपोटी सांगितलं तर ते वर्षानुवर्षं पाठ सोडत नाही.

रक्ताचे, फाटलेले कपडे धुऊ नका. सावलीत वाळवून कागदी पिशवीत ठेवा, प्रत्येक कपडा वेगळा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल राहून बुरशी येते आणि प्रयोगशाळेला काही सापडत नाही. तपास अधिकाऱ्याने ते पंचनामा करूनच घ्यावेत.

मोबाइलवर चित्रण असेल तर ज्या फोनवर ते झालं तो फोनच पुरावा आहे. व्हॉट्सॲपवरून फिरलेली प्रत आकाराने लहान केली जाते, तिची मूळ माहिती निघून जाते. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) प्रमाणे प्रमाणपत्राचे दोन भाग लागतात, एक फोन वापरणाऱ्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा, त्यात हॅश क्रमांकासह (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा ओळख क्रमांक). हे प्रमाणपत्र नसेल तर चित्रणाची प्रत सहसा पुराव्यात घेतली जात नाही. दुकानाच्या, बँकेच्या कॅमेऱ्यांवर काही दिवसांत जुन्यावर नवं चित्रण चढतं, म्हणून ते जप्त करण्याचा लेखी अर्ज पहिल्याच दिवशी द्या.

मृत्यू झाला असेल तर शवविच्छेदनाचं चित्रीकरण व्हावं आणि एकाहून अधिक डॉक्टरांनी ते करावं, असा लेखी अर्ज द्या. मृत व्यक्ती स्त्री असेल तर लैंगिक अत्याचाराच्या दृष्टीने तपासणी आणि नमुने मागायलाच हवेत, मग वरवर काही दिसो वा न दिसो. खैरलांजीत पहिल्या तपासणीत हे राहिलं, मृतदेह पुन्हा बाहेर काढावे लागले, आणि तोवर जे जायचं ते गेलं होतं. अहवालाबद्दल शंका असेल तर दहन करू नका, दफन करा. दुसऱ्या तपासणीची वाट त्यामुळे उघडी राहते.

तपास कोणी करायचा

ॲट्रॉसिटी कायद्याखालच्या १९९५ च्या नियमांतला नियम ७ सांगतो की तपास पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा आणि ६० दिवसांत संपवायचा. फौजदाराने जबाब घेतले आणि उपअधीक्षकांनी शेवटी सही केली असं उघड झालं, तर बचाव पक्ष पूर्ण तपासावरच बोट ठेवतो. तुमचा जबाब कोण घेतंय ते पाहा आणि तुमच्या वहीत नोंद ठेवा.

या काळात तीन गोष्टी मागून घ्या. एक, महत्त्वाच्या साक्षीदारांचे जबाब नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली दंडाधिकाऱ्यासमोर. दोन, पीडिताचा जातीचा दाखला आणि आरोपीच्या जातीचा पुरावा, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला किंवा शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा. आरोपी अनुसूचित जाती-जमातीचा नाही हे सरकारी पक्षालाच सिद्ध करावं लागतं, आणि तो एक कागद दोषारोपपत्रात नसल्यामुळे ॲट्रॉसिटीची कलमं गळून पडतात. नवबौद्धांना १९९० च्या दुरुस्तीपासून अनुसूचित जातीचे हक्क आहेत, त्यावर ठाण्यात वाद घालू देऊ नका. तीन, कलमवाढ. मारहाण किंवा धमकीसारख्या, कायद्याच्या परिशिष्टातल्या गुन्ह्यांसाठी ३(२)(व्हीए) आणि गंभीर गुन्ह्यांसाठी ३(२)(व्ही) लागलं आहे का ते पाहा. नुसती ३(१)(आर)(एस) लावून प्रकरण सहा महिने ते पाच वर्षं शिक्षेच्या चौकटीत बसवलं जातं, हे वारंवार घडतं. गावाने किराणा, दळण, पाणी, मजुरी बंद केली असेल तर ३(१)(झेडसी) हा सामाजिक-आर्थिक बहिष्काराचा वेगळा गुन्हा आहे.

पाच किंवा अधिक जणांनी मिळून जात, समुदाय, भाषा, जन्मस्थान, वैयक्तिक श्रद्धा यांसारख्या कारणावरून खून केला, तर न्याय संहितेचं कलम १०३(२) लागतं: फाशी किंवा जन्मठेप. त्या यादीत ‘धर्म’ हा शब्द थेट नाही. मुस्लिम किंवा ख्रिस्ती माणसाला ॲट्रॉसिटी कायद्याचं संरक्षण नसेल (आदिवासींना धर्म बदलला तरी असतं), तेव्हा जमावाच्या हिंसेत हे कलम मागायचं, आणि ‘समुदाय’ व ‘वैयक्तिक श्रद्धा’ या शब्दांवर बोट ठेवायचं.

पोलिसांनी ‘ब समरी’ पाठवली, म्हणजे फिर्याद खोटी ठरवली, किंवा ‘क समरी’ पाठवली, म्हणजे गैरसमजातून दिली असं म्हटलं, तर न्यायालय तुम्हाला नोटीस काढतं. त्या तारखेला गैरहजर राहिलात तर समरी मंजूर होते. हरकत अर्ज लेखी द्या आणि तपासात कोणाचे जबाब घेतलेच नाहीत ते नावानिशी सांगा.

पैसे

अर्थसाहाय्य ही भीक नाही आणि तडजोडही नाही, तो नियम १२ खालचा हक्क आहे. रक्कम गुन्ह्यानुसार ८५ हजारांपासून सव्वाआठ लाखांपर्यंत आहे. शिवीगाळ-अवहेलनेसाठी एक लाख: गुन्हा नोंदल्यावर २५ टक्के, दोषारोपपत्र गेल्यावर ५०, शिक्षा झाल्यावर उरलेले २५. खुनात सव्वाआठ लाख: निम्मे शवविच्छेदनानंतर, निम्मे दोषारोपपत्र गेल्यावर. त्याशिवाय वारसांना दरमहा पाच हजार मूळ निवृत्तिवेतन आणि त्यावर महागाई भत्ता, कुटुंबातल्या एकाला नोकरी, मुलांचं पदवीपर्यंतचं शिक्षण यांची तरतूद आहे. पहिली मदत सात दिवसांत मिळायला हवी. अर्ज सहायक आयुक्त, समाज कल्याण यांच्याकडे जातो. अडकला तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा दक्षता समितीसमोर विषय ठेवायला लावा, ती तीन महिन्यांतून एकदा तरी बसायला हवी. साक्षीला येण्याजाण्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी नियम ११ प्रमाणे वेगळी मिळते. ती मागायला कोणी जात नाही, आणि मजूर साक्षीदार तारखेला न येण्याचं साधं कारण तेच असतं.

जामीन

ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम १८ मुळे अटकपूर्व जामीन मिळत नाही. पण फिर्यादीवरून प्रथमदर्शनी गुन्हाच दिसत नसेल तर न्यायालय तो देऊ शकतं, त्यामुळे वर सांगितलेला नेमका शब्द आणि नेमकी जागा इथेही कामी येते.

कलम १५-ए(३) प्रमाणे जामिनाच्या प्रत्येक सुनावणीची नोटीस पीडिताला मिळायलाच हवी आणि १५-ए(५) प्रमाणे त्याचं ऐकून घ्यायला हवं. ऑक्टोबर २०२१ मध्ये हरिराम भांभी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे बंधनकारक असल्याचं सांगितलं. नोटीस न देता जामीन झाला तर तेवढ्यावर तो आदेश उच्च न्यायालयात आव्हान देण्याजोगा होतो, कलम १४-ए खाली ९० दिवसांत. ‘से’, म्हणजे लेखी म्हणणं, देताना भावनेपेक्षा तारखा द्या: अमुक दिवशी आरोपीचा भाऊ घरी आला, अमुक क्रमांकाची एन.सी. आहे, मुलीने अमुक तारखेपासून शाळा सोडली.

जामिनात हेतूबद्दल गप्प राहणं धोक्याचं असतं. २ जून २०१४ रोजी पुण्यात हडपसरला एका मुस्लिम तरुणाची जमावाने हत्या केली. जानेवारी २०१७ मध्ये तीन आरोपींना जामीन देताना उच्च न्यायालयाच्या आदेशात असं आलं की मृताचा दोष एवढाच की तो दुसऱ्या धर्माचा होता, आणि ही बाब आरोपींच्या बाजूने धरली गेली. द्वेष हाच सूट देण्याचा आधार झाला! फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. शिक्षेच्या तत्त्वांत द्वेष कुठे मोजायचा याबद्दल न्यायालयांतही गोंधळ असू शकतो, म्हणून ते लेखी मांडणं तुमच्या वकिलाचं काम आहे.

खटला आणि फितुरी

दोषारोप निश्चित होण्याच्या तारखेला हजर राहा. ३(२)(व्ही) सुटलं असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३९ खाली निकालापूर्वी कधीही दोषारोप बदलता किंवा वाढवता येतो. सरकारी वकिलाबद्दल विश्वास नसेल तर नियम ४(५) प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडे दुसरा ज्येष्ठ वकील मागता येतो. अर्जात दोन-तीन नावं संमतीसह द्या, नाहीतर पत्रव्यवहारातच वर्ष जातं. कलम १५-ए(१०) प्रमाणे कामकाजाचं चित्रीकरण व्हावं हाही अर्ज पहिल्याच तारखेला द्या. कॅमेरा समोर असला की साक्षीदाराला दरडावण्याचा सूर उतरतो.

जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याला २८ एप्रिल २०१४ रोजी १७ वर्षांच्या दलित मुलाची हत्या झाली. नोव्हेंबर २०१७ मध्ये सगळे आरोपी सुटले, कारण साक्षीदार एकामागून एक फितूर झाले. फितूर होणाऱ्यांना दोष देणं सोपं आहे. पण साक्षीदार त्याच गावात राहतो, त्याच सोसायटीचं कर्ज घेतो, त्याच माणसाच्या विहिरीवरून पाणी भरतो. म्हणून संरक्षणाचा अर्ज धमकी येण्याची वाट न पाहता करा. २०१८ च्या साक्षीदार संरक्षण योजनेत प्रमुख जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे अर्ज जातो, पोलिसांनी धोक्याचा अहवाल पाच कामकाजाच्या दिवसांत द्यायचा असतो, आणि संरक्षण एका वेळी जास्तीत जास्त तीन महिन्यांचं मिळतं. तीन महिने संपायच्या पंधरा दिवस आधी पुढचा अर्ज टाका. साक्ष लांबणार असेल आणि मुदत मध्येच संपली, तर नेमका त्याच आठवड्यात दबाव येतो.

साक्षीदार फिरला तरी सगळं बुडत नाही. त्याच्या साक्षीतला जो भाग इतर पुराव्याशी जुळतो तो न्यायालय वापरू शकतं, आणि दंडाधिकाऱ्यासमोरचा जबाब असेल तर खोट्या साक्षीची कारवाई सुरू करता येते.

शिक्षेची सुनावणी

दोषी ठरवल्यावर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २५८(२) प्रमाणे शिक्षेवर वेगळी सुनावणी होते. आरोपीचं ऐकतात हे सर्वांना माहीत असतं. पीडितालाही १५-ए(५) प्रमाणे दोष आणि शिक्षा या दोन्हींवर लेखी म्हणणं देता येतं, हे फार थोडे वापरतात. दोषसिद्धी दुपारी आणि शिक्षा त्याच संध्याकाळी असं होऊ शकतं, म्हणून निवेदन आधीच तयार ठेवा. दोन पानं पुरतात.

पहिल्या पानावर नुकसान लिहा, कागदांसह: घर सोडलं असेल तर तारीख, शाळा सुटली असेल तर शाळेचा दाखला, उपचारांची बिलं, पडीक राहिलेली जमीन. मग त्या घटनेने वस्तीवर काय परिणाम झाला ते लिहा: बायकांनी कोणता रस्ता सोडला, कोणती जयंती बंद पडली, किती घरं गाव सोडून गेली. दुसऱ्या पानावर न्यायालयाकडून काय हवं ते लिहा. पहिली मागणी ही असावी की हेतूबद्दलचा निष्कर्ष निकालपत्रात कारणांसह नोंदवावा आणि ३(२)(व्ही) खाली स्वतंत्र शिक्षा द्यावी. खून सिद्ध झाला म्हणून न्यायालय तेवढ्यावर थांबलं, तर अपिलात जात परत आणता येणं कठीण जातं. त्यानंतर दंडातून भरपाई, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९५ प्रमाणे. ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम १९ मुळे १८ वर्षांवरच्या दोषीला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडता येत नाही, याचीही आठवण एका ओळीत करून द्या. छोट्या शिक्षेच्या खटल्यांत ते नजरेतून सुटतं.

फाशीच्या मागणीत शक्ती घालवू नका, असं आमचं स्पष्ट मत आहे. १९८० च्या बचन सिंग निकालापासून फाशी ‘दुर्मिळातल्या दुर्मीळ’ प्रकरणातच देता येते आणि आरोपी सुधारण्याची शक्यता उरलेली नाही हे दाखवावं लागतं. प्रत्येक फाशी उच्च न्यायालयाकडे कायम होण्यासाठी जाते. त्या टप्प्यावर सगळी चर्चा आरोपीच्या वयावर, घरच्या परिस्थितीवर येऊन ठेपते आणि जातीचा मुद्दा मागे पडतो. धाक बसतो तो शिक्षा नक्की होणार या जाणिवेने, आकड्याने फारसा नाही. ३(२)(व्ही) सिद्ध झालं तर जन्मठेप ठरलेलीच आहे, न्यायाधीशाला त्याखाली उतरता येत नाही, आणि ती जातीच्या निष्कर्षावरच उभी असते. सुधारणेलाही याच निष्कर्षाची गरज आहे, कारण आपण कशासाठी दोषी ठरलो हे ज्याला निकालात वाचायला मिळालं नाही, त्याने नेमकं काय सुधारायचं?

निकालानंतर

निर्दोष सुटल्यास अपील उच्च न्यायालयात, ९० दिवसांत. निकालाची प्रमाणित प्रत मिळायला वेळ लागतो, म्हणून अर्ज निकालाच्याच दिवशी टाका.

शिक्षा झाली तरी फाईल बंद करू नका. ज्या गुन्ह्याला फाशीचीही तरतूद आहे त्यात जन्मठेप झालेल्याला १४ वर्षांपूर्वी माफी देऊन सोडता येत नाही, पण त्यानंतर माफीचा अर्ज येऊ शकतो आणि मधल्या काळात पॅरोल, फर्लो, म्हणजे तुरुंगातून तात्पुरत्या रजाही होतात. गुजरातमधल्या २००२ च्या हिंसाचारातला बिल्किस बानो खटला मुंबईत चालला आणि जानेवारी २००८ मध्ये इथेच ११ जणांना जन्मठेप झाली. १५ ऑगस्ट २०२२ रोजी गुजरात सरकारने त्यांना सोडलं. ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती माफी रद्द केली, कारण शिक्षा महाराष्ट्रातल्या न्यायालयाने दिली असल्याने तो अधिकार गुजरातचा नव्हताच. दाद मागितली गेली म्हणून ते परत तुरुंगात गेले.

सुटका आणि पॅरोलवरही पीडिताचं म्हणणं ऐकलं जावं हे १५-ए(५) मध्येच आहे. त्यासाठी निकालानंतर महिन्याभरात तीन ठिकाणी लेखी पत्र द्या: विशेष न्यायालय, कारागृह अधीक्षक आणि जिल्हा पोलीस अधीक्षक. त्यात खटल्याचा क्रमांक, दोषींची नावं, तुमचा सध्याचा पत्ता आणि फोन, आणि ‘कोणत्याही रजेच्या किंवा माफीच्या अर्जाची सूचना आम्हाला मिळावी’ एवढं लिहा. गाव सोडलेल्या कुटुंबांची नोटीस जुन्या पत्त्यावर जाते आणि ‘घर बंद’ शेरा मारून परत येते. पत्ता बदलला की तिन्ही ठिकाणी नवं पत्र द्या आणि पोच घ्या.